हरवलेला आणि शोधणारे : उमेश विनायक कुलकर्णी यांच्या चित्रपटांचा एक विचार

प्रास्ताविक

चित्रपटाचा कर्ता कोण, हा प्रश्न फ्रान्समध्ये १९५० च्या दशकात मोठ्या हिरिरीने चर्चिला गेला. १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘काये द्यु सिनेमा’ या नियतकालिकात तरुण समीक्षक लिहीत होते. त्यांपैकी फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९५४ मध्ये लिहिलेल्या लेखाने पटकथाकारांच्या वर्चस्वाला आव्हान दिले आणि दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा लेखक, ही भूमिका पुढे जगभर पसरली. एखाद्या कवीचे सर्व संग्रह एकत्र ठेवून वाचावेत, तसे एका दिग्दर्शकाचे सर्व चित्रपट एकत्र ठेवून पाहावेत, ही सवय या भूमिकेने लावली. आपल्याकडे मराठी चित्रपटाविषयी जे लिहिले जाते ते बहुतांशी एकेका चित्रपटाचे परीक्षण असते. पुरस्कार मिळाला की लेख येतो, वाद झाला की परिसंवाद होतो. दिग्दर्शकाच्या वाटचालीचा सलग विचार क्वचितच आढळतो.

प्रस्तुत लेखात उमेश विनायक कुलकर्णी यांच्या ‘वळू’ (२००८), ‘विहीर’ (२००९), ‘देऊळ’ (२०११) आणि ‘हायवे : एक सेल्फी आरपार’ (२०१५) या चार कथापटांचा असा सलग विचार करावयाचा आहे. कुलकर्णी हे पुण्याच्या चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेचे विद्यार्थी. पॅरिसच्या ‘ला फेमिस’ या चित्रपटशाळेतील उन्हाळी अभ्यासवर्गातही ते सहभागी झाले होते. ‘गिरणी’ या त्यांच्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर ते पूर्ण लांबीच्या चित्रपटाकडे वळले. मात्र फ्रेंच समीक्षकांची मोजपट्टी त्यांना जशीच्या तशी लावता येत नाही, कारण चारही चित्रपटांच्या लेखनात गिरीश कुलकर्णी यांचा प्रमुख वाटा आहे आणि अभिनेता म्हणूनही ते या चित्रपटांत आहेत. तेव्हा कर्ता कोण, हा प्रश्न येथे निराळ्या रीतीने पुन्हा उभा राहतो. त्याकडे पुढे वळू.

या चार चित्रपटांना जोडणारे सूत्र कोणते? गाव, ग्रामीण विनोद, राजकारण ही उत्तरे सहज सुचतात. परंतु ‘विहीर’ आणि ‘हायवे’ त्यांत बसत नाहीत. प्रस्तुत लेखकाला असे दिसते की, या चित्रपटांत एक कोणी तरी कळपाबाहेर असतो आणि कळप त्याच्या मागे लागलेला असतो. तो कधी बैल असतो, कधी मुलगा, कधी साक्षात देव. कळपाचा गलबला मोठा असतो आणि ज्याला शोधायचे तो मात्र शांत असतो. या गलबल्याचे आणि या शांततेचे प्रमाण चित्रपटागणिक बदलत गेले आहे. कुलकर्णी यांच्या यशापयशाचा हिशेब या प्रमाणावरून मांडता येतो.

‘वळू’ : कॅमेऱ्यासमोरचे गाव

कुसवडे गावात देवाच्या नावाने सोडलेला डुरक्या हा वळू माजला आहे, असा गावाचा दावा आहे. त्याला पकडण्यासाठी वनखात्याचा अधिकारी स्वानंद गड्डमवार येतो. बिबट्या पकडण्याची सवय असलेल्या माणसाने बैल पकडावा, या विसंगतीतून विनोद सुरू होतो. पण चित्रपट जसजसा पुढे सरकतो तसतसे लक्षात येते की, गावात जे जे मोडते, नासते, बिघडते ते सारे डुरक्याच्या नावावर जमा होत आहे. प्रत्येकाला आपली भानगड खपवण्यासाठी एक माजलेला वळू हवा आहे. खेड्यात राहणाऱ्याला ही पद्धत अनोळखी नाही. आपल्याकडे बैलाच्या जागी एखादे घर असते, एखादी बाई असते, कधी एखादी वस्ती असते.

या चित्रपटातील सर्वांत हुशारीची योजना म्हणजे गड्डमवारचा भाऊ. तो या मोहिमेवर माहितीपट करण्यासाठी कॅमेरा घेऊन आला आहे. त्याचा कॅमेरा समोर आला की माणसे सावरून बसतात, आवाज बदलतात, आपापली बाजू मांडू लागतात. ग्रामीण जीवन दाखवणाऱ्या मराठी चित्रपटाने आपल्याच परंपरेकडे पाहून केलेले हे स्मित आहे. शहरातून कॅमेरा आला की गाव ‘गाव’ होऊ लागते, हे आपल्या ग्रामीण चित्रपटांनी फारसे कधी कबूल केले नव्हते. डुरक्या मात्र कॅमेऱ्याला काही सांगत नाही. तो चरतो, फिरतो, उभा राहतो. त्याच्यावर झालेल्या आरोपांचे खंडन करण्याची सोय त्याला नाही आणि चित्रपटही त्याच्या वतीने भाषण करीत नाही. ‘वळू’ हा हसवणारा चित्रपट आहे आणि तो तसाच पाहिला गेला. पण जेरबंद झालेल्या त्या जनावराकडे पाहताना हसू थोडे अडखळते, हेही खरे.

‘विहीर’ : शोधाची शांतता

चारही चित्रपटांत ‘विहीर’ श्रेष्ठ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. ‘देऊळ’ला सुवर्णकमळ मिळाले, प्रेक्षक मिळाले, वर्तमानपत्रांचे रकाने मिळाले. ‘विहीर’ अमिताभ बच्चन यांच्या ए. बी. कॉर्प या संस्थेने निर्माण केला होता आणि २०१० च्या बर्लिन महोत्सवातील ‘जनरेशन’ विभागात तो दाखवला गेला. तरीही आपल्या भागातील चित्रपटगृहांच्या प्रेक्षकाला तो जवळपास माहीतच नाही.

समीर आणि नचिकेत ही मावस-मामे नात्यांच्या गोतावळ्यात वाढणारी दोन मुले. नचिकेतला घरात राहावेसे वाटत नाही. कोठे तरी निघून जावे, असे त्याला वाटते. का, याचे उत्तर त्याला देता येत नाही आणि चित्रपटही देत नाही. घरात माणसांची ये-जा आहे, बायकांची कामे आहेत, मुलांचा लपंडाव आहे. आणि मग नचिकेत विहिरीत बुडून मरतो. तो पडला की त्याने जाणूनबुजून जवळ केले, याचा निकाल लावण्याच्या भानगडीत दिग्दर्शक पडत नाही. येथून पुढे समीरचा शोध सुरू होतो. लपंडावात लपलेला गडी सापडत नाही, तर खेळ संपला असे म्हणायचे की नाही?

नचिकेत हे नाव मराठी वाचकाला कठोपनिषदाची आठवण करून देते. त्या कथेत बापाच्या रागाच्या भरातील शब्दामुळे नचिकेता यमाच्या दारी जातो, तीन रात्री वाट पाहतो आणि मृत्यूलाच मृत्यूविषयी विचारतो. ‘विहीर’मध्ये ही रचना उलटी झाली आहे. नचिकेत गेला तो गेला. प्रश्न विचारणारा मागे राहिला आहे आणि उत्तर देण्यासाठी यमही नाही. समोर आहेत ती वडीलधारी माणसे, जी रडतात, समजावतात आणि हळूहळू आपापल्या कामाला लागतात. दुःखाचा हा व्यवहारी भाग कुलकर्णी यांनी जेवढ्या कठोरपणे आणि तरीही कोणालाही दोष न देता दाखवला आहे, तेवढा मराठी चित्रपटात फार कमी वेळा दिसतो. कुटुंब पूर्ववत होते यात कुटुंबाचा गुन्हा नाही. तसे झाले नाही तर चूल पेटणार नाही. पण समीरला हे पूर्ववत होणे सहन होत नाही.

सुधीर पलसाने यांच्या छायाचित्रणाचा येथे वेगळा उल्लेख करावयास हवा. माणसे दृश्यात लहान दिसतात; माळ, झाडे, आकाश, विहिरीचा काठ यांना जागा जास्त मिळते. पात्र निघून गेल्यावरही कॅमेरा काही क्षण तेथेच थांबतो. प्रेक्षकाने त्या रिकाम्या जागेकडे पाहावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. नचिकेत नसणे म्हणजे काय, हे संवादांनी सांगण्याची गरज मग उरत नाही.

येथे एक अवांतर निरीक्षण नोंदवावेसे वाटते. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला विहीर म्हटल्यावर पहिला प्रश्न सुचतो तो पाण्याचा. विहिरीला पाणी आहे का, किती परस, उन्हाळ्यात टिकते का, अनुदान मिळाले का. चित्रपटातील विहीर पाहून एका विद्यार्थिनीने वर्गात पहिले वाक्य उच्चारले ते, “सर, पाणी बघा की किती वर आहे!” आम्ही सारे हसलो, पण तिचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नव्हते. ज्या प्रदेशात विहिरीने माणसे तारली आणि विहिरीतच माणसांनी जीव दिले, तेथे ‘विहीर’चे तत्त्वचिंतन आधी या दोन आठवणींतून गाळून घ्यावे लागते. चित्रपट तेवढा भार पेलतो, असा अनुभव आहे.

‘देऊळ’ : एका विद्यार्थ्याची शंका

‘देऊळ’ची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. मंगरूळ गावचा केशा करडी गायीला शोधत माळावर जातो, औदुंबराखाली त्याचा डोळा लागतो आणि त्याला दत्ताचा दृष्टान्त होतो. गावात अण्णा नावाचे एक अभ्यासू गृहस्थ आहेत. गावात रुग्णालय व्हावे यासाठी ते झटत आहेत. भाऊ गलांडे हे पुढारी प्रथम त्यांच्या बाजूने आहेत. पण दृष्टान्ताची बातमी फुटते, गावातील पोरे पेटतात, वर्तमानपत्रवाला हात देतो आणि रुग्णालयाच्या जागी देऊळ उभे राहते. मग दुकाने, भजने, ध्वनिमुद्रिका, बोर्ड, वाहनतळ. ज्याला देव दिसला त्या केशालाच देव आता भेटेनासा होतो. शेवटी तो मूर्ती उचलून पाण्यात सोडतो. ५९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला ‘ब्यारी’ या चित्रपटासोबत विभागून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. अभिनय आणि संवाद या दोन्हींसाठी गिरीश कुलकर्णी यांचा गौरव झाला.

हा लेख शिरड शहापूर येथे बसून लिहिला जात आहे, हे या चित्रपटाविषयी बोलताना लपवण्याचे कारण नाही. गावात मल्लिनाथांचे जैन क्षेत्र आहे. जवळच, आमच्याच तालुक्याच्या ठिकाणी, औंढा नागनाथाचे हेमाडपंती मंदिर आहे. बारा ज्योतिर्लिंगांत त्याची गणना होते. जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे जन्मगाव म्हणून पूजले जाते. श्रावणात आणि महाशिवरात्रीला या रस्त्यांवर जी गर्दी होते, तिच्यावर कित्येक घरांचे वर्षाचे गणित अवलंबून असते. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी काहींच्या घरी बेलफुलांची, नारळाची, पेढ्यांची दुकाने आहेत.

दोन वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘देऊळ’ दाखवला. मुले पोट धरून हसली. भाऊंच्या वाक्यांना टाळ्या पडल्या. चर्चेच्या वेळी मी नेहमीप्रमाणे श्रद्धेचे बाजारीकरण, माध्यमांची भूमिका, विकासाची विपरीत कल्पना असे मुद्दे फळ्यावर लिहिले. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, देऊळ झालं तर रस्ता आला, लाईट आली, चार पोरं धंद्याला लागली. दवाखाना झाला असता तर डॉक्टर थोडाच राहायला आला असता?”

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. नंतर चित्रपट पुन्हा दोनदा पाहिला, तो या प्रश्नासाठी. आणि असे लक्षात आले की या प्रश्नाचे अर्धे उत्तर चित्रपटात आहे, अर्धे नाही. भाऊ गलांडे हे पात्र (नाना पाटेकर यांनी ते फार संयमाने साकारले आहे) खलपुरुष नाही. त्याला अण्णांचे म्हणणे पटते. पण पोरांच्या हाताला काम नाही, मतांचे पारडे फिरते आहे आणि देवाला विरोध करून गावात राहता येत नाही, हेही त्याला कळते. भाऊच्या मुखातून चित्रपट त्या विद्यार्थ्याची बाजू मांडतो. आपण ज्याला अगतिकता म्हणतो ती येथे हिशेबाच्या रूपाने येते आणि तो हिशेब चुकीचा आहे असे सिद्ध करणे सोपे नाही.

जे अर्धे उत्तर नाही, ते रुग्णालयाविषयी आहे. चित्रपटात रुग्णालय ही एक निर्मळ कल्पना आहे; कागदावरची, म्हणून निष्कलंक. देवळाचे काय होते ते आपल्याला तपशीलवार दिसते, रुग्णालयाचे काय झाले असते ते दिसत नाही. इमारत आहे पण माणूस नाही, औषध आहे पण तारीख उलटलेली, हे ज्याने पाहिले आहे त्याला देऊळ आणि दवाखाना ही निवड एवढी सरळ वाटत नाही. ‘देऊळ’चा उपहास एका बाजूचाच तपास करतो. ‘वळू’मध्ये सारेच संशयित होते, ‘विहीर’मध्ये कोणीच दोषी नव्हते, ‘देऊळ’मध्ये मात्र प्रेक्षकाला हसण्यासाठी सुरक्षित जागा मिळते. मंगरूळची माणसे भाबडी, लोभी, आणि आपण शहाणे. वर्गात मुले ज्या क्षणी मोकळेपणाने हसत होती, त्या क्षणी ती आपल्याच बापाच्या दुकानावर हसत आहेत, हे मला त्या मुलाने उठून सांगेपर्यंत जाणवले नव्हते.

असे असूनही ‘देऊळ’ टिकतो तो केशामुळे. त्याला देऊळ नको होते. त्याला गाय हवी होती आणि देव दिसला होता. दोन्ही गोष्टी त्याच्यापुरत्या खऱ्या होत्या. पहिल्या भागात तो माळावरून ज्या आनंदाने धावत येतो, त्यात ढोंगाचा लवलेश नाही आणि दिग्दर्शकही त्या दृष्टान्ताची टर उडवत नाही. देव आणि देऊळ यांच्यातील हे अंतर आमच्या भागाला नवे नाही. नामदेवांची आणि विसोबा खेचरांची भेट औंढ्याच्या देवळात झाली, असे परंपरा सांगते. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना नामदेवांनी हटकले, तेव्हा जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव, असे विसोबा म्हणाले आणि पाय ठेवावेत तेथे पिंड दिसू लागली. ही गोष्ट ज्या देवळाची आहे त्याच देवळाच्या दारात आज दर्शनाच्या रांगा लागतात, त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. कदाचित वाटण्याचे कारणही नाही. केशा विसोबांचा वारस आहे. फरक एवढाच की त्याला गुरू नाही आणि त्याचे म्हणणे ऐकणारा नामदेवही नाही. मूर्ती पाण्यात सोडणारा केशा हा ‘विहीर’मधल्या समीरच्या जवळ जातो. दोघांचाही गडी लपला आहे आणि बाकीच्यांनी खेळ संपवून दुकान मांडले आहे.

कर्ता कोण?

आता लेखक आणि दिग्दर्शक यांच्या वाट्याचा प्रश्न. ‘वळू’ आणि ‘देऊळ’मधील बोलीचा झणका, एकमेकांचे वाक्य तोडणारी माणसे, म्हणींचा चलाख वापर हे गिरीश कुलकर्णी यांचे देणे आहे, यात शंका नाही. त्यांनी स्वतः लिहून दिग्दर्शित केलेला ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’ (२०१६) पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. तेथेही राजकारण आहे, गाव आहे, बोलण्याची तीच मजा आहे. पण माणसे बोलायची थांबल्यावर जे काही घडते, ते त्या चित्रपटात नाही. उलट ‘विहीर’मध्ये बोलणे कमीत कमी आहे. यावरून असा तर्क करता येतो की गलबला लेखकाचा आणि शांतता दिग्दर्शकाची. तर्क आकर्षक आहे, परंतु तो पूर्णपणे खरा मानू नये. ‘विहीर’च्या लेखनात गिरीश कुलकर्णी यांच्यासोबत सती भावे आहेत आणि शांततेची जागा पटकथेतही राखून ठेवावी लागते. दोघांपैकी एकाला कर्ता ठरवण्यापेक्षा, दोघांच्या ओढाताणीतून चित्रपटाचा तोल कोठे राहिला, हे पाहणे अधिक फलदायी आहे. ‘वळू’मध्ये तो राहिला. ‘विहीर’मध्ये दिग्दर्शकाकडे झुकला. ‘देऊळ’मध्ये लेखकाकडे झुकला, पण केशाने सावरून घेतला.

‘हायवे’विषयी फार लिहिण्यासारखे नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर निरनिराळ्या वाहनांतून निघालेली माणसे, त्यांची अडकलेली आयुष्ये आणि त्यांना एकत्र थोपवून धरणारी वाहनांची कोंडी. कल्पना समर्थ आहे. पात्रे मात्र इतकी आहेत की कोणाजवळही कॅमेरा पुरेसा थांबत नाही. येथे कळपच कळप आहे, बाहेर राहिलेला कोणी नाही; प्रत्येक जण स्वतःलाच शोधतो आहे असे आपल्याला सांगितले जाते, आणि सांगितले जाते हाच दोष आहे. कोंडीत वाहने थांबतात त्या वेळी काही क्षण पूर्वीचे कुलकर्णी दिसतात.

त्यानंतर त्यांचे काम मुख्यतः लघुपट, माहितीपट आणि चित्रपट-शिक्षण या क्षेत्रांत राहिले. पुण्यात लघुपट दाखवून त्यांवर चर्चा घडवण्याचा ‘अरभाट’चा उपक्रम त्यांच्याशी निगडित आहे. फ्रान्समध्ये चित्रपट-मंडळांतून समीक्षक घडले आणि समीक्षकांतून दिग्दर्शक. भारतात सत्यजित राय यांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटीच्या स्थापनेत भाग घेतला तो ‘पथेर पांचाली’च्या आधी. कुलकर्णी यांचा प्रवास उलट दिशेने झाला आहे. चित्रपट करणारा माणूस प्रेक्षक घडवण्याकडे वळला, ही घटना काही जणांना माघार वाटेल. मला तसे वाटत नाही.

कारण प्रेक्षकाचा प्रश्न खराच आहे आणि तो पुण्यापेक्षा आमच्याकडे अधिक बिकट आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे. हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थ्याला तेथे जाण्यासाठी एक रात्र प्रवासात घालवावी लागते. तो ‘विहीर’ पाहतो तो हातातल्या मोबाईलवर, एस.टी.त किंवा शेतात, मध्येच फोन येत असताना. नचिकेत गेल्यानंतरची ती लांब शांतता त्याला कॅमेरा बंद पडल्यासारखी वाटते आणि तो बोटाने पुढे सरकवतो. गेल्या सत्रात आम्ही वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून, पंखे बंद करून, ‘विहीर’ सलग दाखवला. उकाडा बराच होता. अर्ध्यातून चार जण उठून गेले. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता तृतीय वर्षात आहे. तो शेवटपर्यंत बसला होता. पडद्यावर नावे येऊ लागली तेव्हा मी दिवे लावायला उठलो, तर तो म्हणाला, “सर, थोडं थांबा.”